लिलावानंतरचा वांधा

उमराण्याच्या बाजारात ट्रॅक्टर उभा असतो. व्यापारी दोन-चार कांदे हातात घेऊन पाहतो, पुकारा होतो, भाव ठरतो, पावती फाटते. शेतकरी चहा प्यायला जातो. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी खाली होताना मध्येच कुणीतरी म्हणतं, ‘खालचा माल वेगळा निघाला, भावात तेवढं कमी करा.’ याला आमच्याकडे वांधा काढणं म्हणतात. देवळा तालुक्यात ज्याने कांदा विकला त्याने हा शब्द ऐकलेला आहेच.

विमानाचं तिकीट काढून चार महिने झाल्यावर ‘आपल्या उड्डाणाच्या वेळेत बदल झाला आहे’ असा संदेश येतो तेव्हा मला ते खळं आठवतं. सौदा झालेला, पैसे गेलेले आणि समोरचा म्हणतो, वेळ तेवढी बदलली. फरक एवढाच की खळ्यावर शेतकरी स्वतः उभा असतो. नाही पटलं तर माल परत भरतो, बाजार समितीकडे जातो. विमानाच्या बाबतीत वांधा निघाल्याचं आपल्याला कळतच नाही, कारण तो निरोप आपल्या फोनवर आलेला नसतो.

आमच्या घरचंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात सात माणसं काश्मीरला निघालो होतो. कांदा चाळीत भरून झाला होता. तिकिटं जानेवारीतच काढलेली, मुंबईहून दुपारी अडीचचं विमान. पहाटे पाचला देवळ्यातून गाडी काढायची, भावडबारी उतरून सोग्रस फाट्याला हायवेला लागायचं, वाटेत नाश्ता, कसारा घाट आणि साडेअकरापर्यंत विमानतळ, असा हिशेब होता. छापील तिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी पुतण्या खिडकीजवळच्या जागा मिळतात का ते मोबाइलवर बघत होता. तो म्हणाला, “काका, यावर तर सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं लिहिलंय.” आम्ही छापील कागद काढून दाखवला. तो म्हणाला, “कागद जानेवारीचा आहे.”

रात्री दीड वाजता निघालो. पोचलो, विमान मिळालं, काश्मीर पाहिलं. परत आल्यावर तिकीट काढून देणाऱ्याकडे गेलो. वेळबदलाचा संदेश मार्चमध्येच आला होता, त्याच्या फोनवर. “भाऊ, दिवसाला शंभर मेसेज येतात,” तो म्हणाला आणि ते खोटं नव्हतं. तिकिटावर प्रवासी म्हणून नाव आमचं होतं, पण मोबाइल नंबर आणि ईमेल त्याचा. कंपनीच्या दृष्टीने निरोप पोचला होता.

तिकीट विकतानाच वेळापत्रक अर्धंकच्चं असतं, ही पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी. कंपन्या दहा-अकरा महिने आधीपासून तिकिटं विकतात. पण जगभरच्या विमानवाहतुकीचं वर्ष दोन हंगामांत विभागलेलं आहे. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये हे रविवार म्हणजे २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. प्रत्येक हंगामाआधी कुठल्या विमानतळावर कोणत्या वेळेला कोणाचं विमान उतरणार, म्हणजे स्लॉट कोणाला, याची वाटणी होते आणि आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्या वेळापत्रकाला मंजुरी देतं. जानेवारीत आपण मेचं तिकीट घेतो तेव्हा त्यावरची वेळ ही कंपनीने धरलेला अंदाज असते, मागच्या वर्षीच्या अनुभवावर बेतलेला.

आता देवळ्याचं प्रवासाचं पंचांग पाहा. आमच्याकडची माणसं हिंडायला निघतात ती उन्हाळ कांदा काढून चाळीत गेल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. तिकिटं स्वस्त मिळावीत म्हणून काढतात दोन-चार महिने आधी. त्यामुळे तिकीट काढणं एका हंगामात आणि उडणं दुसऱ्या हंगामात, असं जवळपास दरवेळी होतं. ज्या रविवारी वेळापत्रकाची अदलाबदल होते तो रविवार नेमका मध्ये येतो. आमच्याच तिकिटांना बदल लागतो ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकतो. त्यात नशिबाचा भाग कमी आणि कांद्याचा जास्त आहे.

पाच-दहा मिनिटांचे बदल सोडून द्यावेत. एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळची फेरी पंधरा मिनिटांनी सरकवली की दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या तेवढ्या सरकतात. मोठ्या बदलांमागची कारणं मात्र वेगवेगळी असतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर डागडुजीसाठी त्या एक दिवस, बहुधा अकरा ते पाच अशा वेळेत बंद ठेवतात. हे आधी ठरलेलं असतं, म्हणून त्या दिवसाची विमानं पुढेमागे केली जातात. कधी दोन विमानं अर्धी रिकामी दिसली की कंपनी एक काढून टाकते आणि दोन्हीकडचे प्रवासी एकात बसवते. कंपनी याला ‘कामकाजाची कारणं’ म्हणते. एसटीत रात्री शेवटच्या दोन गाड्यांचे प्रवासी एका गाडीत बसवतात, तसंच हे.

कधी कारण सीमेपलीकडचं असतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. वळसा म्हणजे जास्त तास, जास्त इंधन, वैमानिकांच्या पाळ्यांचा नवा हिशेब. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली, तेव्हा विमानांच्या डागडुजीबरोबर हे बंद आकाशही कारण म्हणून सांगितलं होतं. ज्यांनी पुढच्या महिन्यांची तिकिटं काढून ठेवली होती त्यांना पैसे परत घ्या किंवा दुसऱ्या मार्गाने जा, असा पर्याय आला.

आणि कधी कारण घरातलंच असतं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्री उतरण्याच्या फेऱ्या सहावरून दोनवर आल्या. नियम दीड-पावणेदोन वर्षं आधी जाहीर झाले होते. तरी इंडिगोचा वैमानिकांचा हिशेब चुकला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर विमानतळांवर माणसं जमिनीवर झोपली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. सरकारने तात्पुरती भाडेमर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजार किलोमीटरपर्यंत बारा हजार, दीड हजारपर्यंत पंधरा आणि त्यापुढे अठरा हजार रुपये. ही मर्यादा घालावी लागली यातच सगळं आलं. पाच हजारांचं तिकीट रद्द झालं, पाच हजार परत मिळाले, पण त्या दिवशी त्याच मार्गावरचं दुसरं तिकीट कितीला पडत होतं? पैसे परत मिळणं म्हणजे प्रवास परत मिळणं नव्हे.

आपल्या जवळचा विमानतळ म्हणजे ओझर. देवळ्यातून दीडएक तासाचा रस्ता. पूर्वी मिग विमानं बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची ही धावपट्टी, तिच्याकडेला जानोरीच्या बाजूने २०१४ मध्ये प्रवासी टर्मिनल उभं राहिलं आणि मग बराच काळ विमानाची वाट पाहत राहिलं. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतून एअर डेक्कनचं अठरा-एकोणीस आसनी विमान मुंबई-पुण्यासाठी सुरू झालं. ते कधी यायचं, कधी नाही आणि काही महिन्यांतच बंद पडलं. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली. १७ एप्रिल २०१९ ला जेटच बंद पडली. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली आणि तेव्हापासून ओझरला जरा स्थैर्य आलं. पण मोठ्या विमानतळावर दिल्लीचं एक विमान गेलं तरी दोन तासांनी दुसरं असतं. ओझरला एखाद्या गावाला दिवसाकाठी एखाद-दुसरं विमान, काही ठिकाणी आठवड्यातले ठरावीक वार. तिथे ‘वेळ बदलली’ याचा अर्थ पुष्कळदा ‘वार बदलला’ असा होतो.

जेट बंद झाली एप्रिलमध्ये, गो फर्स्ट बंद झाली ३ मे २०२३ ला. दोन्ही वेळा सुट्ट्यांची तिकिटं लोकांच्या हातात होती. कंपनीच बुडाली की वेळबदलाचे नियम कामाला येत नाहीत. प्रवासी मग बँका आणि इतर देणेकऱ्यांच्या मागे रांगेत उभा राहतो. ज्यांनी कार्डाने पैसे भरले होते त्यांना निदान बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही, रक्कम परत वळवा’ असा दावा तरी टाकता आला. रोख देऊन तिकीट काढणाऱ्याला तेही दार नव्हतं.

आता नियम. डीजीसीएचे ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स’ म्हणजे विमान कंपन्यांना बांधणारे आदेश. त्यातला प्रवासी-सुविधांचा भाग २०१० मध्ये आला आणि २०१६ मध्ये भरपाईचे आकडे वाढवून सुधारला. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने निदान दोन आठवडे आधी कळवायचं आणि प्रवाशाला चालेल ते द्यायचं, दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. ‘प्रवाशाला चालेल ते’ हे शब्द महत्त्वाचे. निवड कंपनीची नाही, आपली. दोन आठवड्यांच्या आत आणि २४ तासांच्या आधी कळवलं तर दुसरं विमान मूळ वेळेच्या दोन तासांच्या आतबाहेर सुटणारं असायला हवं. असं काही न कळवता रद्द केलं आणि सोयही करता आली नाही, तर परताव्याशिवाय भरपाई: एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये. पण ही कमाल मर्यादा. मूळ एकेरी भाडं आणि इंधन शुल्क मिळून याहून कमी होत असेल तर तेवढंच. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर २४ तास आधी नवी वेळ कळवायची आणि सहा तासांत सुटणारं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा. धुकं, वादळ, संप, सुरक्षेची कारणं असं कंपनीच्या हाताबाहेरचं काही असलं तर भरपाई नाही. परताव्याचा हक्क मात्र धुक्यातही टिकतो.

याच नियमांत एक छोटं वाक्य आहे, ज्यावर देवळ्यासारख्या गावांचं सगळं अडतं. तिकीट काढताना ज्या प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नाही त्याला भरपाई द्यायला कंपनी बांधील नाही. आणि आपण तिकीट कसं काढतो? पाचकंदीलजवळच्या दुकानात जातो, आधारकार्डांच्या झेरॉक्स देतो, रोख मोजतो. दुकानदार मोठ्या एजन्सीच्या पोर्टलवर लॉगिन करतो आणि नंबराच्या चौकटीत स्वतःचा नंबर टाकतो. त्याचंही कारण असतं. गिऱ्हाईक नंबर चुकीचा सांगतं, साधा फोन वापरतं, ईमेल नसतो. काहींना भीती असते की गिऱ्हाईक पुढच्या वेळी परस्पर तिकीट काढेल. नंबर त्याचा टाकला की निरोप त्याला आणि जबाबदारी कुणाचीच नाही.

म्हणून तिकीट हातात आल्यावर पहिलं काम भाव-तारीख बघण्याचं नाही, नंबर बघण्याचं. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन पीएनआर हा सहा अक्षरी क्रमांक आणि आडनाव टाकलं की बुकिंग उघडतं. तिथे बहुतेक ठिकाणी मोबाइल आणि ईमेल बदलता किंवा वाढवता येतो. घरात एक तरी शिकलेलं पोर असतंच, त्याचा नंबर टाकावा. तेच बुकिंग मग पंधरा दिवसांनी, हंगाम बदलणाऱ्या रविवारच्या आसपास आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा उघडून बघावं. छापील कागदावर विसंबू नये. तो ज्या दिवशी छापला त्या दिवसापुरता खरा असतो, कालच्या लिलावाच्या भावासारखा.

संदेश आला, तर त्यात सहसा दोन बटणं असतात, एक ‘मान्य’ आणि एक ‘बदला’ किंवा ‘रद्द’. लोक घाईत ‘मान्य’ दाबतात आणि मग घरी बसून हिशेब करतात. मान्य केलं की सौदा नव्या वेळेवर पक्का झाला, नंतर बोलायला जागा उरत नाही. उलटी चूक त्याहून महाग. रागाने ॲपवर जाऊन तिकीट आपणहून रद्द करणं. ते नेहमीचं रद्द करणं ठरलं तर कंपनी रद्द करण्याचा दंड कापते. वेळ कंपनीने बदलली आहे म्हणून आपण बाहेर पडतोय, हे नोंदीत आलं पाहिजे. त्यासाठी संदेशातल्याच दुव्यावरून किंवा फोनवर बोलून करावं आणि तो संदेश जपून ठेवावा, स्क्रीनशॉटसकट.

फोन करण्याआधी स्वतः घरचा अभ्यास करावा. त्याच कंपनीची त्याच मार्गावर त्या दिवशी किंवा आदल्या-पुढच्या दिवशी कोणती विमानं आहेत, त्यांत जागा आहेत का, हे आधी बघून ठेवायचं. ‘मला दुसरी सोय करून द्या’ म्हटलं तर पलीकडचा माणूस त्याला सोपी पडेल ती सोय सांगतो. ‘आदल्या दिवशीचं सकाळी अकराचं अमुक क्रमांकाचं विमान मला द्या, त्यात सात जागा दिसताहेत’ असं म्हटलं तर काम पाच मिनिटांत होतं. मोठ्या वेळबदलानंतर असा एक बदल कंपन्या बहुधा फुकट करतात, पण आपण मागितला तर. थांबावं की लगेच फोन करावा, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. थांबलं तर कधी कधी आणखी मोठा बदल येतो आणि आपली बाजू बळकट होते. पण हंगामात तेवढ्यात चांगल्या विमानातल्या जागा संपतात. एकटा-दुकटा माणूस थांबू शकतो. सात जणांच्या कुटुंबाने त्याच दिवशी फोन करावा, असं माझं मत.

वेळ मागे येणं हे पुढे जाण्यापेक्षा आपल्याला जास्त जाचक आहे, हे मुंबईत राहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला सकाळी सहाचं विमान म्हणजे पहाटे तीनची रिक्षा. देवळ्याच्या माणसाला ते आदल्या रात्रीचं जेवण झाल्याबरोबर निघणं, नाहीतर मुंबईत एक मुक्काम. नियमांची बहुतेक भाषा ‘उशीर’ आणि ‘रद्द’ या दोन शब्दांभोवती फिरते. युरोपात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २१ डिसेंबर २०२१ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवलं की उड्डाण एका तासाहून जास्त अलीकडे आणलं तर ते रद्द केल्यासारखंच धरायचं. हा निकाल इथे लागू नाही, पण फोनवर बोलताना त्यामागचं तर्कशास्त्र वापरायला हरकत नाही: लवकर गेलेलं विमान हे चुकलेलंच विमान.

रात्री बाराच्या आसपासच्या वेळा हा वेगळाच सापळा. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. चौदा तारखेचं रात्री ११.५० चं विमान ५० मिनिटांनी सरकून १२.४० झालं, तर तारीख पंधरा होते. घरून मात्र चौदालाच निघायचं असतं. पंधराच्या रात्री साग्रसंगीत निरोप देऊन विमानतळावर पोचलेली कुटुंबं असतात. व्हिसाची सुरुवातीची तारीख, तिकडचं हॉटेल, परीक्षेचा दिवस, हे सगळं अशा पाऊण तासाने हलू शकतं. शिवाय आता मुंबईत विमानतळही दोन. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तिकिटावरची तीन अक्षरं बीओएम आहेत की एनएमआय, हे वाचल्याशिवाय कसाऱ्यापुढचा रस्ता ठरवू नये. आणि जुन्या विमानतळात सांताक्रूझचं टर्मिनल एक, सहारचं टर्मिनल दोन.

परदेशी शिकायला गेलेल्या पोरांच्या घरी आणखी एक गंमत होते. युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढेमागे करतात. आपण करत नाही. त्यामुळे जर्मनीशी आपलं अंतर हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. फ्रँकफर्टचं विमान तिथल्या घड्याळाने त्याच वेळी सुटतं, पण मुंबईत उतरायची वेळ एका तासाने हलते. हंगाम बदलतो तोही त्याच रविवारी. मुलाचं पुढचं विमान ओझरचं असेल तर हा एक तास त्याला मुंबई-दिल्लीत अडकवायला पुरतो.

ओझरची जोडणी हा देवळ्याचा खरा दुखरा भाग. ओझर-दिल्ली एका तिकिटावर आणि दिल्ली-फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या तिकिटावर, कारण तसं दोन-तीन हजारांनी स्वस्त पडलं. ओझरच्या विमानाची वेळ दोन तासांनी पुढे गेली की पुढचं विमान हुकतं. मग ओझरची कंपनी म्हणते, आमचा करार दिल्लीपर्यंतचा. दिल्लीची कंपनी म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोघीही कायद्याने बरोबर. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असते तर पहिल्या टप्प्याचा बदल दुसऱ्याला भोवला म्हणून नवी जोडणी देणं कंपनीचं काम झालं असतं. वाचवलेले तीन हजार हा खरं तर स्वतःच स्वतःला दिलेला विमा असतो, आणि तोही न भरलेला. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये एक रात्र सोडावी.

एजंटकडून काढलेल्या परदेशी तिकिटांना आणखी एक आतली खाच आहे. आरक्षणाच्या यंत्रणेत बदल आला की टप्प्यापुढे दोन अक्षरी खूण येते. ‘टीके’ म्हणजे नव्या वेळेसह पक्कं, ‘यूएन’ म्हणजे हे उड्डाण आता नाही. एजंटने ती खूण बघून बदल स्वीकारायचा असतो आणि तेरा आकडी तिकीट नव्या आरक्षणाशी जुळवून पुन्हा काढायचं असतं. आरक्षण बदललं आणि तिकीट जुनंच राहिलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘नाव दिसतंय, पण तिकीट जुळत नाही.’ त्या वेळी एजंटचं दुकान बंद असतं. म्हणून बदल झाला की ‘तिकीट पुन्हा काढलं का?’ हा प्रश्न विचारावा. नवी प्रत येईपर्यंत विचारत राहावा.

पैसे परत येताना ते आले त्याच वाटेने उलटे जातात. कंपनीकडून मोठ्या पोर्टलला, पोर्टलच्या वॉलेटमधून दुकानदाराच्या वॉलेटला, तिथून रोखीने आपल्या हातात. वाटेत दोन-तीन ठिकाणी पाणी मुरतं, कधी ‘सेवा शुल्क’ म्हणून, कधी नुसतं विसरून. डीजीसीएच्या परतावा नियमांनुसार क्रेडिट कार्डाने थेट काढलेल्या तिकिटाचे पैसे सात दिवसांत वळते व्हायला हवेत. एजंटकडून काढलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट हा तिने नेमलेला प्रतिनिधी. हे वाक्य पुष्कळ दुकानांत कुणी सांगत नाही. पैशांऐवजी ‘पुढच्या प्रवासासाठी जमा’ घ्यायचं की नाही, हेही प्रवाशानेच ठरवायचं. टाळेबंदीत, २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली विमानं बंद होती तेव्हा कंपन्यांनी सर्रास असे जमा-खाते पुढे केले. शेवटी १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचा परतावा लगेच द्यायला सांगितलं. आधीच्या तिकिटांबाबत अडचणीतल्या कंपनीला ३१ मार्च २०२१ पर्यंत जमा ठेवण्याची मुभा दिली, पण त्यावर महिन्याला अर्धा ते पाऊण टक्का वाढ लावून आणि मुदतीअखेर उरलेली रक्कम परत करण्याच्या अटीवर.

परदेशातून निघणाऱ्यांना तिथले नियमही हाताशी असतात. युरोपातून सुटणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, अगदी भारतीय असो, त्याला युरोपचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागतो. चौदा दिवसांच्या आत कळवून रद्द केलं तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो, काही अपवाद वगळून. अमेरिकेने २०२४ मध्ये ‘मोठा बदल’ म्हणजे काय हेच आकड्यांत लिहून टाकलं: देशांतर्गत तीन तास, आंतरराष्ट्रीय सहा तास, विमानतळ बदलणं, वाटेतले थांबे वाढणं. यातलं काही झालं आणि प्रवाशाने नाकारलं, तर त्याने अर्ज करण्याची वाट न पाहता पैसे परत. आपल्याकडे अशी आकड्यांची व्याख्या वेळबदलापुरती स्पष्ट झाली तर फोनवरचे निम्मे वाद संपतील.

भांडायची वेळ आलीच तर पायऱ्या साध्या आहेत. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग सरकारच्या ‘एअरसेवा’वर, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर. त्यानेही नाही भागलं तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आयोग मात्र पहिल्यांदा विचारतो तो कागद: बदलाचा संदेश कधी आला, कोणत्या नंबरवर आला, तुम्ही काय उत्तर दिलं.

या वर्षी दिवाळीनंतर मुलीकडे हैदराबादला जायचं आहे. तिकीट ओझरहून, काढलं त्याच दुकानातून. दुकानदाराने स्वतःच विचारलं, “भाऊ, नंबर तुमचा टाकू ना?” मी पुतण्याचा सांगितला. परवा रात्री जेवताना पुतण्या म्हणाला, “काका, पंचवीस मिनिटं उशिरा केलंय, करू का मान्य?” मी म्हटलं, थांब, आधी ओझरला घ्यायला कोण येणार आहे त्याला विचारू. मग लक्षात आलं, हे जायचं तिकीट आहे. कर म्हटलं.